शेतावर कामाला: मानसिक आजार किंवा दिव्यांगत्व असलेल्या आपल्या माणसासाठी, मुंबईकर कुटुंबांना वाटाड्या

अठरा वर्षं झाली की विशेष शाळा संपते. मानसिक आजारात तर बहुतेकदा कॉलेज किंवा नोकरी मध्येच सुटते. मग वन-रूम-किचनमध्ये एक मोठा माणूस दिवसभर बसून असतो, आणि घरातले सगळे कामावर गेलेले असतात. अशा घरांमध्ये कधी ना कधी कुणीतरी म्हणतं, "याला कुठे शेतावर काम मिळेल का?"

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही मुलुंडला राहतो, आणि तो आठवड्यातले काही दिवस कर्जतच्या बाजूला एका शेतावर कामाला जातो. ही सोय लावताना जी माहिती इथून तिथून जमवावी लागली, ती ओळीने लिहिते आहे. बौद्धिक दिव्यांगत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांच्या घरच्यांशीही बोलणं झालं, त्यांच्याकडून कळलेलंही यात आहे. मी "तो" असं लिहिलं आहे, पण सगळं बहिणींना, मुलींना तितकंच लागू आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. शेत स्वतःहून कुणाला बरं करत नाही. गोळ्यांनी भास आणि संशय आटोक्यात येतात, पण मरगळ, कशातच मन न लागणं, लोकांपासून दूर राहणं हे गोळ्यांनी तितकं हटत नाही. तिथे रोजचं खरं काम उपयोगी पडतं. आणि ते काम टिकतं की नाही हे जमिनीपेक्षा शेजारी उभं राहून काम शिकवणाऱ्या माणसावर जास्त अवलंबून असतं.

1. आधी त्याला विचारा

तो चौतीस वर्षांचा असेल, तर चौतीस वर्षांच्या माणसाला विचारावं तसं विचारा. "तुला शेतावर जायला आवडेल का?" या प्रश्नाला "बघू" हेच उत्तर येतं. त्यापेक्षा ठोस विचारा: झाडांना पाणी घालणं आवडेल, की कोंबड्यांना दाणे टाकणं? सकाळी लवकर निघायला जमेल, की अकरानंतर? एकट्याने काम करायचं, की कुणासोबत? ज्याला बोलून सांगता येत नाही त्याला जागेचे, कामाचे फोटो दाखवा आणि तो कशाकडे परत परत बोट दाखवतो ते बघा.

नको म्हणाला तर विषय मिटवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा काढा. "तुझ्या भल्यासाठीच" म्हणून ढकलत नेलेला माणूस तिथे गप्प बसून राहतो आणि पुढे त्या विषयाचं नावही काढू देत नाही.

2. डॉक्टरांशी बोला, आणि उन्हाबद्दल विचारा

हा टप्पा लोक सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून मी यावर सविस्तर लिहिते.

मनोविकारावरच्या अनेक औषधांचा ऊन, पाणी आणि घाम यांच्याशी थेट संबंध आहे. क्लोझापिन, ओलान्झापिन, क्लोरप्रोमाझिनसारख्या औषधांमुळे शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद कमी होऊ शकते. हातांच्या थरथरीवर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते, त्यामुळे ऊन बाधतं आणि बाहेरून कळतही नाही. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हात लवकर भाजते. बऱ्याच औषधांनी रक्तदाब पटकन खाली येतो: बसून खुरपणी करणारा माणूस एकदम उठला तर त्याला चक्कर येते.

सगळ्यात जास्त काळजी लिथियमची. घाम भरपूर गेला, पाणी कमी पडलं किंवा जुलाब झाले, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. थरथर वाढणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, बोलताना जीभ अडखळणं ही लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. दिवसभर काम करून अंग दुखलं की शेतावर कुणीतरी सहज आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देतं. लिथियम घेणाऱ्याला त्या गोळ्यांनीही धोका वाढतो. हे शेतावरच्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवा, कागदावर लिहून द्या.

बिडी-सिगारेटचाही संबंध आहे. धूम्रपानाने क्लोझापिन आणि ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण कमी राहतं. शेतावर बिडीला बंदी असेल आणि त्याची बिडी एकदम सुटली, तर तीच मात्रा त्याला जास्त होऊ शकते. बिडी सुटली तर चांगलंच आहे, पण डॉक्टरांना आधी सांगा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आमच्याकडे असे होते: रात्रीच्या गोळीची वेळ अलीकडे आणता येईल का, म्हणजे पहाटे उठताना गुंगी राहणार नाही? उन्हात किती वेळ चालेल? फिट येत असेल तर कोणत्या कामांपासून लांब ठेवायचं? याचं उत्तर बहुतेक डॉक्टर एकच देतील: विहीर, तळं, कडबाकुट्टी (चारा कापायचं यंत्र), पंप, शिडी आणि कोयता.

डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो. डोक्यावर घमेलं किंवा टोपली द्यायची नाही.

जमल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टलाही (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) भेटा. मुंबईला याची जुनी परंपरा आहे: कमला निंबकर यांनी 1950 मध्ये केईएम रुग्णालयात हे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू केली. थेरपिस्ट माणूस किती वेळ एका कामात राहतो, हाताची पकड कशी आहे, किती पायऱ्यांची सूचना समजते हे पाहून सांगतात. त्यांनी लिहून दिलेलं एक पान शेतावर दाखवायला फार उपयोगी पडतं.

3. कागदपत्रं

दिवसापुरतं कामाला जायचं असेल तर कायद्याने फारसं काही लागत नाही, पण पुढे अडू नये म्हणून हे जमवून ठेवा:

- यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, मग नेमून दिलेल्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात तपासणी होते. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचारांचे जुने कागद लागतात.
- चालू औषधांची यादी, मात्रेसह, मराठीत लिहिलेली. शेतावरचा माणूस डॉक्टरांचं अक्षर वाचत बसणार नाही.
- काम करायला हरकत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात काय टाळायचं तेही लिहिलेलं.
- धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं त्याची नोंद. जुनं झालं असेल तर आधी घ्या.
- त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, आणि मानसिक आजार त्यांतला एक आहे. हे कित्येक कुटुंबांना माहीतच नसतं. प्रमाणपत्रासाठी मानसिक आजारात स्वतःची निगा, लोकांशी वागणं, संवाद आणि काम या चार बाजू तपासतात. तपासणीच्या दिवशी माणूस नेमका नीटनेटका आणि शांत असतो. म्हणून गेल्या वर्षभरात घरी काय काय झालं ते तारखांसह एका कागदावर लिहून न्या. बहुतेक सवलती 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वावर मिळतात.

एक गोंधळ इथेच दूर करते. नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्याखालचं पालकत्व (अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमणं) आणि निरामय आरोग्य विमा हे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व यांच्यासाठी आहेत. केवळ स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांना ते लागू नाहीत. पालकत्वाचा विषय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. मुंबईत जिल्हे दोन आहेत: शहरात राहत असाल तर फोर्टचं कार्यालय, उपनगरात असाल तर वांद्र्याचं. चुकीच्या ठिकाणी रांग लावू नका.

4. पहिला महिना घराजवळ

थेट कर्जत-पालघर गाठायची घाई नको. आधी चार कुंड्या आणा आणि त्यांत मेथी, लाल माठ, मुळा लावा. महिन्याभरात पालेभाजी काढायला येते. हे महत्त्वाचं आहे, कारण ज्याच्या हातून बरीच वर्षं काही पूर्ण झालेलं नाही त्याला आंब्याचं कलम लावून काय मिळणार? त्याने लावलेली मेथी घरात शिजली पाहिजे.

जवळच्या रोपवाटिकेत आठवड्यातून एक-दोनदा तासभर पिशव्या भरायला जाता आलं तर आणखी चांगलं. तिथे तुम्हाला कळेल की तो किती वेळ टिकतो, चिखलाचा हात त्याला सहन होतो का, कुणी मोठ्याने बोललं तर काय होतं. ऑटिझम असलेल्या काहींना ओली माती हाताला लागलेली अजिबात चालत नाही, पण हातमोजे घातले की तेच काम ते तासन्‌तास करतात. सोसायटीच्या गच्चीवर बाग करायचा विचार असेल, आणि त्याच्या मनात जीव देण्याचे विचार येऊन गेले असतील, तर त्याला गच्चीवर एकटं सोडू नका.

5. जागा शोधणं आणि पाहणं

विचारायला सुरुवात संस्थांपासून करा. शिवडीची जय वकील फाउंडेशन 1944 पासून बौद्धिक दिव्यांग व्यक्तींसाठी काम करते. चेंबूरची नॅसिओ दिव्यांगांच्या व्यवसाय प्रशिक्षणासाठी ओळखली जाते. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेमध्ये मानसिक आजार असलेल्यांच्या कुटुंबीयांचे गट भरतात. खरी माहिती अशाच गटांत मिळते: कोणत्या शेतावर माणसं चांगली आहेत, कुठे जाऊ नये. निवासी शेतकेंद्रित जीवन कसं असतं ते पाहायचं असेल तर मुळशी तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज आहे, 1994 पासून. डॉ. भरत वाटवानी यांचं कर्जतचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र अनेकांना माहीत असतं, पण ते रस्त्यावर भटकणाऱ्या, घर हरवलेल्या मनोरुग्णांसाठी आहे. घरच्या माणसाला तिथे ठेवून घ्या म्हणून जाऊ नका.

संस्थेत जागा मिळाली नाही तर साध्या शेतकऱ्याकडेही सोय होऊ शकते. वसईची वाडी, बदलापूर-नेरळची भाजीची शेतं, पनवेलकडच्या रोपवाटिका... ओळखीतून विचारा. आमची सोय अशीच झाली.

जागा बघायला जाल तेव्हा झाडं, डोंगर, झुळझुळ ओढा याने भुलू नका. सोबत त्याला न्या आणि हे बघा:

कीटकनाशकं कुठे ठेवली आहेत? हा माझा पहिला प्रश्न असतो. गोठ्याच्या कोपऱ्यात उघडी बाटली दिसली तर ती जागा सोडा, किंवा कुलूपबंद कपाट होईपर्यंत थांबा. निराशेत असलेल्या माणसाच्या हाताशी विष असणं हा शेतातला सगळ्यात मोठा धोका आहे, सापापेक्षाही मोठा.

विहिरीला कठडा आहे का, वर जाळी आहे का? संडास आहे का, त्याला आतून कडी आहे का? मुलीला पाठवणार असाल तर तिथे दिवसभर एक तरी बाई कामाला असते का, आणि ती कोण? सावली आणि पिण्याचं पाणी कामाच्या जागेपासून किती लांब? व्हीलचेअर वापरणाऱ्यासाठी दोन-सव्वादोन फूट उंचीचे वाफे करून द्यायला ते तयार आहेत का?

मग काम शिकवणारा माणूस बघा. तुम्ही त्याला आपल्या माणसाची माहिती देता तेव्हा तो तुमच्याकडेच बघून बोलतो, की त्याच्याकडे वळून "काय दादा, कुठली भाजी आवडते?" असं विचारतो? तो एका वेळी एकच काम सांगतो का? स्वतः करून दाखवतो का? त्याच्यासमोर कुणी "येडा" म्हणालं तर तो काय करतो? असा माणूस मिळाला तर अर्धा एकर खडकाळ जमीनसुद्धा पुरते.

आता सापळे. "आमच्याकडे आला की गोळ्या बंद होतात" असं कुणी सांगितलं तर तिथून परत फिरा. दुसरा प्रकार म्हणजे निसर्ग, आश्रम, शेती अशा नावाखाली चालणारं निवासी केंद्र, जिथे फाटकाला बाहेरून कुलूप असतं आणि पहिले काही महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. मानसिक आजार असलेल्यांना ठेवून घेऊन उपचार, देखभाल करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, आणि दिव्यांगांसाठीच्या संस्थेला दिव्यांग हक्क कायद्याखालची. प्रमाणपत्र मागा. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

6. प्रवास

मुंबईत सगळं शेवटी गाडीवर येऊन थांबतं. यात एक सोय आपल्या बाजूची आहे: सकाळी कर्जत-कसाऱ्याकडे किंवा विरार-डहाणूकडे जाणारी गाडी गर्दीच्या उलट दिशेची असते, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा तसंच. बसायला जागा मिळते. मात्र कर्जतच्या पुढे-मागे गाड्यांमध्ये अंतर जास्त असतं, एक चुकली तर फलाटावर बराच वेळ बसावं लागतं. त्या वेळेत काय करायचं हे त्याला आधीच सांगून ठेवा.

सुरुवातीला रोज कुणीतरी सोबत जा. मग स्टेशनपर्यंत सोडा आणि तिकडे कुणी घ्यायला येईल असं बघा. एकच गाडी, एकच डबा, एकच रिक्षावाला. रविवार टाळा, मेगाब्लॉकमध्ये घडी विस्कटते आणि बदल ज्याला झेपत नाही त्याचा दिवस तिथेच संपतो.

दिव्यांगांच्या डब्यातून प्रवास करताना, ज्याचं दिव्यांगत्व दिसत नाही त्याला इतर प्रवासी हटकतात. कार्ड गळ्यातल्या दोरीत ठेवा आणि "हे माझं कार्ड" एवढं एक वाक्य घरी बोलून घ्या. भाड्याची सवलत दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार असते. बौद्धिक दिव्यांगांना आहे म्हणून मानसिक आजारालाही असेल असं धरून तिकीट काढू नका.

7. कोणतं काम, कोणत्या महिन्यात

दिवाळीनंतर सुरुवात करा. ऊन उतरलेलं असतं, भात कापून झालेला असतो, वाल आणि भाजीपाला लावायची वेळ असते. मार्चपर्यंत अंगाला सवय होते. एप्रिल-मेमध्ये अकराच्या आत काम आटपायचं किंवा सावलीतलं काम घ्यायचं.

पहिली कामं अशी निवडा ज्यात चूक झाली तरी नुकसान होत नाही आणि संपलं की डोळ्यांना दिसतं: पिशव्यांत माती भरणं, वाफ्याला झारीने पाणी घालणं, मेथीच्या जुड्या बांधणं, अंडी गोळा करणं. निंदणी नंतर, कारण तण आणि रोप ओळखायला वेळ लागतो. संशयाचा त्रास असलेल्या माणसाला चार-पाच जणांच्या घोळक्यात हसण्या-बोलण्यामध्ये बसवू नका. त्याला वेगळा वाफा द्या, पण शिकवणारा नजरेच्या टप्प्यात हवा. विळा-कोयता कधी द्यायचा हे शिकवणारा आणि तुम्ही मिळून ठरवा.

पहिल्या दिवशी दोन तास पुरे. त्याला अजून थांबावंसं वाटत असतानाच निघा.

पावसाळ्यात चिखलात अनवाणी काम नको. लेप्टोचे जंतू पायाच्या साध्या भेगेतूनही शिरतात. गमबूट घ्या, जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी. पाण्यात उतरून भातलावणी करायची असेल तर प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. ताप आला तर "शेतात चिखलात काम करतो" हे डॉक्टरांना न विसरता सांगा. कोकणपट्ट्यात फुरसं भरपूर. साप चावला तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक काही नाही. हातपाय न हलवता 108 ला फोन आणि सरकारी रुग्णालय. जवळ कुठे सर्पदंशावरचं इंजेक्शन मिळतं ते पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

8. मध्येच बिघडलं तर

दोन-तीन आठवडे छान जातात आणि मग एक सकाळ येते, "मी जाणार नाही." लगेच आळस म्हणू नका. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, तिथे कुणी काही बोललं का, पायाला फोड आले आहेत का, हे क्रमाने बघा. बऱ्याचदा कारण बुटाइतकं साधं असतं. झोप सलग बिघडली, पुटपुटणं वाढलं, जेवण सुटलं, तर शेत थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शेतावर मात्र एकच निरोप द्या: त्याची जागा राखून ठेवा. परत येईल तेव्हा पुन्हा दोन तासांपासून.

9. पैसे

हा विषय संकोचाने शेवटी ढकलला जातो, पण बोलणं पहिल्याच भेटीत व्हायला हवं. संस्था देखरेखीसाठी कुटुंबाकडून फी घेत असेल तर त्यात गैर नाही, शिकवणाऱ्या माणसालाही पगार लागतो. पण त्याच्या हातची भाजी विकली जात असेल तर त्यात त्याचा वाटा हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 20 सांगतं की मानसिक आरोग्य केंद्रात कुणाकडून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही, आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. "आम्ही सांभाळतो हेच पुष्कळ" असं म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. साध्या शेतकऱ्याकडे असेल तर आधी काही आठवडे शिकण्याचे धरा, आणि त्यानंतर तासावर किंवा जुड्यांवर दर ठरवून एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या. पूर्ण मजुराचं काम करत असेल तर पूर्ण मजुरी.

पैसे त्याच्या खात्यात किंवा त्याच्या हातात, तुमच्या हातात नाही. पहिल्या पैशांचं काय करायचं हे त्याला ठरवू द्या. माझ्या भावाने स्टेशनबाहेर सगळ्यांसाठी वडापाव घेतले आणि उरलेले शर्टाच्या खिशात ठेवले. अजून काय घेणार आहे ते त्याने सांगितलेलं नाही, आम्हीही विचारलं नाही.